वाढदिवशी बाहेरगावी

हेल्गेने टोपी हातात घेतली, कमरेत वाकला आणि त्या बुटक्या बोळात शिरला. सिगब्रिट बाहेरच थांबली.

"ये ना," आतून त्याचा आवाज आला. "डोकं सांभाळ. पलीकडे अंगण आहे, पुस्तकात लिहिलंय अगदी तस्संच!"

"तू बघून ये. मी आहे इथे."

"अगं, इतक्या लांब आलो ते काय भिंती बाहेरून बघायला?"

इतक्या लांब आलो ते कशाला, हे तिला कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण विचारतंय कोण? ती वाकली आणि त्याच्या मागून निघाली. छत इतकं खाली की स्वतःच्या बुटांपलीकडे काही दिसेना. दोन्ही बाजूंच्या विटा खांद्यांना घासत होत्या, आणि पाठोपाठ एक जर्मन कुटुंब पोराबाळांसकट आत घुसलं, म्हणजे आता मागे फिरायचीही सोय राहिली नाही. पुढे हेल्गे, मागे जर्मन, डोक्यावर लुबेकचं सातशे वर्षांचं बांधकाम. छान साजरी होतेय सत्तरी, तिने मनाशी म्हटलं.

पलीकडे अंगण होतं खरं. तीन ठेंगणी घरं, गुलाबाची वेल, खिडकीत एक जाडं मांजर. हेल्गे दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळं आपणच बांधल्यासारखा उभा होता.

"बघ," तो समाधानाने म्हणाला, "आणि ओळखीचं एक माणूस नाही!"

हे त्याचं ठरलेलं वाक्य. ब्रुजला कालव्याच्या काठी तो हेच म्हणाला होता, तेव्हा ती पन्नास वर्षांची झाली होती. टॅलिनच्या तटबंदीवर हेच म्हणाला, तेव्हा साठ. प्रत्येक वेळी त्याच्या चेहऱ्यावर असा काही आराम पसरायचा की तिला त्याची चीडच यायची.

त्यांच्या एल्वबूसारख्या लहान गावात पन्नाशी, साठी, सत्तरी ही काही घरातल्या घरात उरकायची गोष्ट नसते. पेपरात नाव छापून येतं आणि त्या दिवशी दुपारी दोन वाजल्यापासून गावातलं कोणीही येऊन दारावरची घंटा वाजवू शकतं. बोलावणं करायचं नसतं; केलं तर लोक हसतात. आपण फक्त केक आणि बिस्किटं मिळून सात प्रकार मांडायचे, कॉफी तयार ठेवायची आणि कान दाराकडे लावून बसायचं. सहा प्रकार केले तर बाई चिक्कू, आठ केले तर चढेल. ज्याला हे सगळं झेपत नाही, तो पेपरात आपल्या नावाखाली एक शब्द छापून घेतो : बाहेरगावी. आणि मग त्याला खरोखरच बाहेरगावी जावं लागतं, कारण पडदे ओढून आत बसलेला माणूस एल्वबूत कॉफी निवायच्या आत पकडला जातो.

तो शब्द हेल्गे छापून घ्यायचा. स्वतःच्या साठीला, सत्तरीला आणि तिच्याही. "लोकांना कशाला त्रास?" एवढंच म्हणायचा आणि बोटीची तिकिटं काढून मोकळा व्हायचा. सिगब्रिटने तीस वर्षं शाळेच्या जेवणघरात मुलांना वाढलं होतं. अर्धं गाव तिच्या डावातले बटाटे खाऊन मोठं झालं होतं. ती मुलं आता पोटं सुटलेली, टक्कल पडलेली, नातवंडांचे आजोबा झालेली. स्वतःचं मूलबाळ तिला नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की जन्मात एकदा ती सगळी फुलं घेऊन तिच्या दारात उभी राहावीत, आणि आपण "अरे, तू पण आलास!" असं म्हणावं. फार मोठी इच्छा नव्हती ती. पण दर दहा वर्षांनी ती इच्छा एखाद्या परक्या शहराच्या वेशीच्या आत कोंडली जायची.

या खेपेस मात्र तिने एक उद्योग करून ठेवला होता, आणि हेल्गेला त्याचा पत्ता नव्हता.

फोनवर त्याला हल्ली नीट ऐकू येत नसे. म्हणून मार्चमध्ये तो तिला म्हणाला, "पेपरवाल्यांना तूच फोन कर. नेहमीचंच सांग." तिने फोन लावला, पलीकडून मुलीचा आवाज आला, आणि सिगब्रिट म्हणाली, "माफ करा, चुकीचा नंबर लागला." मग तिने फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून हेल्गे तळ्यावर मासे धरायला गेला की ती भट्टी पेटवायची. एकेक प्रकार डब्यात भरून शेजारच्या डॅग्नीच्या फ्रीझरमध्ये जायचा. हेल्गेला योग्य वेळी सांगायचं, तिकिटं रद्द करायला लावायची, असा तिचा बेत होता. पण हेल्गेला काही सांगण्याची योग्य वेळ त्यांच्या संसारात कधी उगवलेली नव्हती. सांगीन सांगीन म्हणता म्हणता बॅगा भरल्या.

"म्हणजे उत्सवमूर्ती लुबेकला, आणि मी तुझ्या घरात लोकांना कॉफी पाजत बसू?" डॅग्नी म्हणाली होती. "सिगब्रिट, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"पाज. सांग, तिकिटं आधीच काढली होती म्हणून. निदान माझ्या घरात माणसं बसून गेली असं तरी होईल."

डॅग्नीने मान हलवत किल्ली घेतली.

काल हेल्गे जेवणानंतर आडवा झाला तेव्हा सिगब्रिट हॉटेलातून सटकली होती. पूल ओलांडून थेट स्टेशनात गेली, खिडकीपर्यंत पोचली. तिकिटं देणाऱ्या बाईने स्क्रीनकडे बघत सगळं समजावून सांगितलं : हॅम्बुर्ग, मग कोपनहेगन, मग पुढे, रात्रभर बसली तर उद्या दुपारपर्यंत पोचेल. पोचली असती. पण उशीजवळ चिठ्ठी ठेवून नवऱ्याला परमुलखात टाकून जाणारी बाई आपण नाही, हे तिला त्या खिडकीसमोर कळलं आणि स्वतःचाच संताप आला. परत येताना बदामाच्या मिठाईचा एक पुडा विकत घेतला, कुठे गेली होतीस असं विचारलं तर दाखवायला. त्याने विचारलंसुद्धा नाही. मिठाई मात्र खाल्ली.

बोळ, अंगणं झाली, मग पेत्री चर्चचा मनोरा. वर जायला लिफ्ट आहे. त्या पेटीत ती, हेल्गे आणि आणखी चौघे पाठीला पाठ लावून वर गेले. वरती गार वारा सुटला होता. सज्जाला जाळी होती. हेल्गेने तिला दंडाला धरून चारी बाजूंनी फिरवलं.

"हे बघ, इकडून नदी. आणि तिकडूनही नदीच! सगळं गाव म्हणजे एक बेट आहे. शत्रूला आत यायची सोयच नाही."

"आणि आतल्यांना बाहेर जायची?"

"त्यांना कशाला बाहेर जायचंय? सगळं आत होतं त्यांना."

तिने जाळीला बोटं अडकवली. उत्तरेला, क्षितिजाच्या पार पलीकडे, तिच्या बैठकीच्या खोलीत आता डॅग्नी पांढरं टेबलक्लॉथ झटकत असेल. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. 'टेबल मांडलं. साय घुसळून ठेवू का आत्ताच?'

"कोण?" हेल्गे म्हणाला.

"फोन कंपनीवाले. काहीतरी सवलत देतायत."

"वाढदिवसालासुद्धा सोडत नाहीत मेले," तो म्हणाला आणि दुर्बीण डोळ्यांना लावून पुन्हा नदीकडे वळला. तिने पाठ फिरवून लिहिलं, 'ठेव.'

खाली उतरल्यावर तो तिला कॉफीच्या दुकानात घेऊन गेला. वाढदिवस आहे म्हटल्यावर एवढं तरी करायला हवं, असं त्याला वाटलं असावं. त्याने तिच्यासाठी भला मोठा केकचा तुकडा मागवला आणि आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये वाढणाऱ्या मुलीला बजावलं, गाणंबिणं म्हणू नका. मुलगी हसली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते.

सिगब्रिटने काट्याने केकचं टोक तोडलं, तोंडात घातलं. आता दार उघडलं असेल. आता पहिली घंटा वाजली असेल. कोण असेल पहिला? टुरे असेल, तो लहानपणीही ताट घेऊन रांगेत पहिला असायचा.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली.

"सोमवारी जातोच आहोत की."

"आत्ता जायचंय, हेल्गे."

त्याने बशीतून वर पाहिलं. "काय होतंय? पोट बिघडलं?"

"माझं पोट ठणठणीत आहे. घरी माझी सत्तरी चालू आहे, आणि मी इथे तुझ्यासमोर बसून केक चिवडतेय." एकदा सुरुवात झाल्यावर मग तिला थांबता येईना. आवाज तिने चढवला नाही, लोकांत ती कधीच आवाज चढवत नसे. पण शब्द मात्र एकामागून एक घरंगळत आले. पेपरवाल्यांना काही सांगितलंच नाही. नाव छापून आलंय, खाली तो शब्द नाही. डॅग्नीकडे किल्ली आहे. सात प्रकार आहेत. दार उघडं आहे.

ओरडेल असं तिला वाटलं होतं. त्याची तयारीही तिने करून ठेवली होती. पण हेल्गेचा चेहरा हळूहळू पिठासारखा पांढरा पडत गेला.

"तिला फोन कर," तो म्हणाला. "दार लावून घ्यायला सांग."

"का म्हणून?"

"सिगब्रिट, लगेच कर. टेबल आवरायला सांग, आणि घरी जाऊ दे तिला. तिने तिथे बसायला नको."

"अरे वा! माणसं आली तर तुझ्या घराचे वासे मोडणार आहेत का? इतका कसला रे तुला माणसांचा तिटकारा?" तिचे डोळे भरून आले, पण आता त्याची तिला पर्वा नव्हती. "स्वतःची पन्नाशी बरी साजरी केलीस! तेव्हा नाही बाहेरगावी गेलास! तिकडे माझी आई शेवटच्या घटका मोजत होती, तरी रात्र रात्र जागून सात प्रकार करून ठेवले मी तुझ्यासाठी आणि मग गाडी पकडली. सगळं गाव येऊन गेलं तुझ्याकडे. रुने आला, टुरे आला, पोस्टातली मॅर्ता आली. कोण काय बोललं ते सगळं सांगितलंस तू मला. माझी पाळी आली की तुला ब्रुज आठवतं!"

हेल्गेने हातरुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"कोणी आलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या पन्नाशीला. कोणी आलं नव्हतं."

शेजारच्या टेबलावरच्या बायका कशालातरी खिदळत होत्या. सिगब्रिटला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"गावची गिरणी बंद होऊन दोन वर्षं झाली होती," हेल्गे रुमालाकडे बघत बोलत होता. "आधी कोणाला काढायचं, हे वरचे ठरवायचे. खोलीत बोलावून सांगायचो मी. एकेकाला. रुनेला मीच सांगितलं. त्याच्या तीन पोरी शाळेत होत्या. माझं तोंड आठवणारच ना त्यांना, वरच्यांचं कोणी पाहिलंय? मला वाटलं, गेली दोन वर्षं, निवळलं असेल. सूट घातला. दोनपासून खिडकीत उभा होतो. समोरच्या रस्त्याने लोक जात होते, सिगब्रिट. जाताना मान खाली घालायचे आणि भरभर पुढे जायचे. साडेपाचला मी पडदा ओढला."

"पण कपबशा तर सगळ्या धुतलेल्या..."

"मीच धुतल्या. धुतलेल्याच होत्या, पुन्हा धुतल्या. तू येशील, बघशील, म्हणून. आणि तुझे ते सात प्रकार," त्याचा आवाज इथे चिरकला, "ते होडीच्या पडवीमागे खड्डा खणून पुरले. दोन दिवसांनी तू आलीस. आईला पोचवून आली होतीस. डोळे सुजलेले, आणि दारातच पहिलं काय विचारलंस? किती जण आले? मी काय सांगणार होतो तुला?"

"तू म्हणालास, घर भरलं होतं."

"हो. म्हणालो."

तिला आठवायला लागलं आणि आठवणं थांबवता येईना. त्या हिवाळ्यात दुकानात तिला रुने भेटला होता. त्याचा हात हातात घेऊन तिने त्याचे आभार मानले होते : हेल्गेकडे आलास, फार बरं वाटलं रे त्याला. रुने खालच्या मानेने चुळबुळ करत राहिला होता, मग काहीतरी पुटपुटून निघून गेला. तिला वाटलं होतं, लाजला. तिने मॅर्ताचे मानले, टुरेचे मानले. गावभर आभार मानत हिंडली होती ती, न आलेल्यांचे.

"तुझ्यावर नाही गं कोणाचा राग," हेल्गे म्हणाला. "तुझ्यावर कोण रागावेल? पण दार माझंही आहे ना. माझ्या दारात ते पाऊल ठेवणार नाहीत. तू तिथे नवा झगा घालून वाट बघत बसली असतीस आणि मला ते बघावं लागलं असतं. मला नसतं बघवलं. म्हणून म्हटलं, लांब जाऊ. जिथे कोणी ओळखत नाही तिथे कोणी आलं नाही तरी चालतं."

वाढणाऱ्या मुलीने येऊन विचारलं, केक आवडला नाही का? सिगब्रिट म्हणाली, आवडला, फार आवडला.

डॅग्नीला तिने फोन केला नाही. दार लावायला सांगणं म्हणजे हेल्गेचं म्हणणं खरं मानणं. आणि इतकं सगळं ऐकूनही तिच्या मनात एक हट्टी कोपरा होता, तो म्हणत होता : इतकी वर्षं झाली आता. निम्मे लोक म्हातारे झाले, काही वारले, पोरांना कुठली आलीय गिरणी? त्यांना माझे बटाटे आठवत असतील. येतील. काहीजण तरी येतील. पाच जण आले तरी पुष्कळ. दोघं आली तरी चालतील.

ती दोघं नदीकाठी जाऊन एका बाकावर बसली. समोर मिठाची जुनी गोदामं एकमेकांना टेकून उभी होती. हेल्गेने पुस्तक उघडलंच नाही. प्रवाशांची होडी खालून गेली, होडीतल्या कोणीतरी हात हलवला, या दोघांनीही हलवला. फोन तिच्या मांडीवर होता. तीन वाजले, चार वाजले. मधूनच हेल्गे म्हणायचा, "थंडी वाजत नाही ना?" आणि ती म्हणायची, "नाही." नवऱ्याचा तिला राग यायला हवा होता. एवढं मोठं खोटं, इतकी वर्षं. पण राग धरायला गेलं की तिला सुटातला हेल्गे दिसायचा, खिडकीत उभा, आणि मग भट्टी पेटवली पण आत घालायला काहीच नाही, असं व्हायचं.

पाच वाजून गेले आणि फोन वाजला. हेल्गे एकदम सरळ बसला.

"डॅग्नी?"

"सिगब्रिट! आधी शुभेच्छा घे. शंभर वर्षांची हो." डॅग्नी थांबली. "बसली आहेस ना?"

"बसले आहे."

"मी निळा झगा घातला होता. दार उघडून ठेवलं, कॉफी दोनदा नव्याने केली." तिने आवाज उतरवला. "कोणी आलं नाही गं. मॅर्ता रस्त्याने चालली होती, तिला मी हाक मारली. तर म्हणते, सिगब्रिट तर दरवेळी बाहेरच असते ना? आम्हाला वाटलं, पेपरवाले 'बाहेरगावी' छापायला विसरले. सगळ्यांना तसंच वाटलं असणार. तसंच असणार, सिगब्रिट. मनाला लावून घेऊ नकोस."

हेल्गे तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला फोनमधलं ऐकू येणं शक्य नव्हतं. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटं विजारीचं कापड मुठीत धरून बसली होती. रुनेची वाट बघत होता तो. अजून.

"काय सांगतेस!" सिगब्रिट म्हणाली. "इतके?"

"इतके कुठले? ऐकू येतंय ना तुला? कोणी नाही म्हणतेय मी."

"आणि कपबशा पुरल्या का?"

पलीकडे कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग डॅग्नी हळूच म्हणाली, "हेल्गे शेजारी आहे का?"

"हो ना. हो."

"अगं बाई गं," डॅग्नी म्हणाली. मग तिने एक मोठा श्वास घेतला. "बरं. पुरल्या. सगळ्या पुरल्या म्हण. माझ्याकडच्या सहा आणाव्या लागल्या म्हण."

"बरं झालं तू होतीस," सिगब्रिट म्हणाली आणि हे एवढं एक वाक्य तिला खोटं बोलावं लागलं नाही. तिने फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली. चेन लावायला तिला फार वेळ लागला.

"किती?" हेल्गेने विचारलं.

"घर भरलं होतं."

"खरं सांगतेस?"

"डॅग्नीला स्वतःच्या घरून कप आणावे लागले."

"टुरे आला होता?"

"पहिला तोच."

तो तिच्याकडे सरकून बसला. "रुने?"

"तोही. काठी टेकत आला म्हणे. शेवटपर्यंत बसला होता."

हेल्गेने टोपी काढली आणि तोंडासमोर धरली. त्याचे खांदे हलायला लागले. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. संसारात एवढ्या वर्षांत तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या आईच्या अंत्यविधीलाही तो कोरडाच होता. थोड्या वेळाने त्याने बाहीने डोळे पुसले आणि तिच्याकडे वळला, तेव्हा त्याचा चेहरा कितीतरी वर्षांनी तरुण झाला होता. तो तरुण चेहरा तिला बघवेना.

"म्हणजे गेला त्यांचा राग," तो म्हणाला.

"गेला असेल."

"आणि मी मूर्खासारखा तुला गावोगाव फिरवत राहिलो." तो हसला, तिचा हात दाबला. "पण आता बस्स. ऑक्टोबरात माझी पंचाहत्तरी आहे. घरीच राहायचं! दार मी स्वतः उघडणार. रुनेला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवू, त्याला वाकायला नको. तू आपले सात प्रकार कर. नाही, आठ कर! म्हणू देत कोणाला काय म्हणायचंय ते."

सिगब्रिट पाण्याकडे बघत होती. खरं सांगून टाकावं, आत्ताच, याच बाकावर, असं तिला वाटलं. त्यासाठी तिने तोंडही उघडलं.

"ऑक्टोबरात रीगा छान असतं म्हणतात," ती म्हणाली.

"रीगा?" त्याला कळेचना. "अगं, घर भरलं होतं म्हणतेस ना? मग आता रीगा कशाला?"

"मला बघायचंय."

"तुला? तुला तर कुठेच जायचं नसतं!"

"आता असतं," सिगब्रिट म्हणाली. "वर्षभर गावात तीच तीच तोंडं बघायची असतातच. वाढदिवसाला तरी नकोत मला."

हेल्गेच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवट राहिलं. तो आणखी काहीतरी विचारणार होता. ती लगबगीने उठली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली की हॉटेलात जाऊ या, वारा सुटलाय. ऑक्टोबरात सूट घालून तो पुन्हा खिडकीत उभा राहिलेला तिला बघायचा नव्हता.